चिनी येते की मराठी येते

खोर फक्कानची जागा सोडून दुबईला जायचं ठरलं, तेव्हा घरातल्या तिघांपैकी दोघं खुशीत होती. सूर्यकांत टिपणीसला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामाच्या कंपनीत मॅनेजरची नोकरी मिळाली होती. मुग्धाला तर कॉलेज, मॉल आणि मैत्रिणी अशी तिन्ही जगं एकदम सापडली होती. राहता राहिली मृणालिनी. ती आधी म्हणाली की तिकडे पाण्याचा त्रास असेल. मग म्हणाली की खिडकीतून डोंगर दिसणार नाही. मग म्हणाली की समुद्राचा आवाज नसला तर आपल्याला झोपच लागायची नाही. जिने आठ वर्षांत त्या समुद्रात घोट्यापर्यंतसुद्धा पाय बुडवला नव्हता, तिने हे म्हणावं! सूर्यकांत हसला, पण बायको हसत नाही म्हटल्यावर त्याने खोके बांधायचे थांबवले आणि तिच्यासमोर बसला. तेव्हा कुठे खरं कारण बाहेर पडलं.

"लान येते म्हणाली होती," मृणालिनी म्हणाली. "ती आली आणि आपण इथे नसलो तर?"

"अगं, सहा वर्षं झाली त्याला. ती एक बोलायची पद्धत असते. आपण नाही का निघताना 'येतो' म्हणत? तसंच."

घोडं तिथेच तर पेंड खात होतं. लान म्हणाली ते आपल्यासारखं नुसतं पद्धतीचं 'येते' होतं, की ती खरोखर येणार होती? हे त्या वेळी विचारायचं राहून गेलं होतं, आणि सहा वर्षं मृणालिनीच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं होतं. बरं, हा सगळा घोळ तिने स्वतःच्या हाताने घातलेला. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयसुद्धा नव्हती.

ते नव्वदच्या दशकाचे मधले दिवस. सूर्यकांत तेव्हा खोर फक्कानच्या बंदरात होता. कुठला कंटेनर जहाजात कुठे रचायचा, हे ठरवणं त्याचं काम. सकाळी सात वाजता तो जायचा. मुग्धाची शाळा फुजैराला, तिची बस त्याच्याही आधी. त्यानंतर घरात राहायची मृणालिनी आणि एसीची घरघर. पुण्यात तिने आठ वर्षं दुसरीच्या वर्गाला मराठी शिकवलं होतं. पन्नास पोरांच्या गलक्यातून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज. तो इथे येऊन पार बसला, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. समोरच्या बिऱ्हाडातलं मल्याळी जोडपं इस्पितळात पाळीवर, ते कायम झोपलेलं तरी किंवा ड्युटीवर तरी. खालच्या सुदानी बाई हसायच्या फार गोड, पण हसण्यावर दिवस निघत नाही. एकदा कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यावर मृणालिनी त्याला म्हणाली, "अजून एक दे रे राजा." मग तिचं तिलाच कसंतरी झालं. बाई कुकरशी बोलायला लागली म्हणजे काहीतरी करायला हवं, हे तिला कळलं.

करायचं म्हणून तिने साबुदाणा-बटाट्याच्या पापड्या घातल्या. ऊन फुकट, गच्ची रिकामी. गच्ची मात्र रिकामी नव्हती. दुसऱ्या टोकाला दोरीवर मुळ्याच्या लांब फोडी वाळत घातलेल्या, आणि त्यांच्याखाली भलीमोठी टोपी घातलेली एक बुटकी बाई स्टुलावर बसलेली. वरच्या मजल्यावर चिनी बिऱ्हाड आलंय, हे नातूर अलीमियाँ म्हणाला होताच. इमारतीचा राखणदार तो, त्याला सगळं ठाऊक. बाईने उठून पापड्यांची पाहणी केली, एक अर्धओली पापडी सरळ उचलली आणि तोंडात टाकली. मृणालिनीने मग भिडस्तपणा सोडला आणि मुळ्याची एक फोड तोडून खाल्ली. खारट, किंचित आंबूस, छान होती. बाई खूश झाली. तिने थर्मास उघडला, झाकणात गरम पाणी आणि तरंगती पानं ओतली आणि झाकण पुढे केलं.

"छा," ती म्हणाली.

"चहा," मृणालिनीने सुधारलं. मास्तरीणच ती.

"छा," बाईने तिला सुधारलं.

त्यात दूध नव्हतं, साखर नव्हती. आलं तर सोडाच. बिचारी घालायला विसरली असेल असं समजून मृणालिनी तो मुकाट प्यायली. पण खाली उतरताना तिच्या लक्षात आलं की अरबीत शाय, हिंदीत चाय, आणि चिनी माणसाच्या सगळ्यात जवळचा शब्द आपल्याच तोंडात आहे. या विचाराने ती दिवसभर उगीचच खुशीत होती.

त्या बाईचं नाव शू लान. शू हे आडनाव. ते ऐकून मुग्धाला हसण्याची जी उबळ आली ती जेवण संपेपर्यंत थांबेना. "आई, यू कान्ट बी सीरियस," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेव्हा मृणालिनीने आडनावावर घरात बंदीच घातली. वयाने ती मोठी म्हणून लान-च्ये. च्ये म्हणजे ताई. लानला मात्र 'मृणालिनी' काही केल्या जमेना, त्या 'मृ'पाशीच तिचा जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी तिने आपल्या सोयीने 'मीनाली' केलं. नवरा फान जहाजांवरच्या शीतगृहांची दुरुस्ती करायचा. फुजैराच्या समोर नांगरून पडलेल्या जहाजांवर त्याला वरचेवर जावं लागायचं. मुलगा पाच वर्षांचा, तो तिकडे चीनच्या किनाऱ्यावरच्या यानथायला आजीपाशी. लानला इंग्रजी शून्य, हिंदी शून्य. म्हणजे मृणालिनीसारखीच तीही दिवसभर एसीची घरघर ऐकत बसलेली.

सूर्यकांतचं म्हणणं, तिला हिंदी शिकव. गल्फमध्ये हिंदी आली की कुठेही चालतं, टॅक्सीपासून ग्रोसरीपर्यंत. "तुला चायनीज शिकून काय करायचंय? त्यापेक्षा अरेबिक शीख, लायसन्सच्या टेस्टला तरी कामाला येईल."

"आठ वर्षं शिकवतच होते," मृणालिनी म्हणाली. "आता मला कुणीतरी शिकवू दे."

आणि ती शिकली. रोज दहा वाजले की भांडी आटोपून जिना चढायची, दार ढकलायची आणि पुण्यात शेजारी शिरताना म्हणायची तसं म्हणायची, "आले गं." लानला वाटायचं हा एकच शब्द आहे, 'आलेगं'. ती आतून म्हणायची, "आलेगं, आलेगं," आणि थर्मास काढायची. एकच 'मा' चार सुरांत म्हटला की त्याचे चार अर्थ होतात, हे ऐकून मृणालिनीची पहिल्या दिवशी बोबडी वळली. पण घरी सूर्यकांत पेपर वाचून दाखवत असताना ती नेहमीसारखी 'हं' म्हणाली आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हे तर आपण रोज करतो! नवरा बडबडतोय तेव्हाचा सपाट 'हं'. नीट ऐकू आलं नाही तर वर चढणारा 'हं?'. विश्वास बसत नाही तेव्हाचा खाली बुडून वर येणारा लांबलचक 'हंऽऽ'. आणि 'आता पुरे' सांगणारा तोडून टाकलेला 'हं'. झाले की चार! दुसऱ्या दिवशी तिने लानला ते करून दाखवले. लान इतकी हसली की टोपी पडली.

दुसरी गंमत 'च'ची. निरोप घेताना म्हणायचं चाय च्येन, म्हणजे पुन्हा भेटू. अलीमियाँला ते कधीच धड जमलं नाही, मल्याळी जोडप्याला जमलं नाही, आणि सूर्यकांतला जमलं तरी तो मुद्दाम वेडंवाकडं म्हणायचा. मृणालिनीला एका दमात जमलं. पहिला च चमच्यातला, दुसरा च चिमणीतला. दुसरीच्या मुलांना हा फरक समजावताना तिने घसा सुकवला होता, तो असा परदेशात फळाला आला. लानने तिच्या गालावर थोपटलं. नोकरी सोडल्यापासून कुणी तिला शाबासकी दिली नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

अडलं ते एका वाक्यापाशी. लानने शिकवलं, घरी निघताना म्हणायचं 'वो चोऊ ल'. म्हणजे 'मी जाते'. त्यावर घरच्या माणसाने म्हणायचं 'मान चोऊ'. म्हणजे 'सावकाश जा'. सावकाश जा म्हणायची रीत चिन्यांचीही आहे हे कळून मृणालिनी हरखली. पण 'मी जाते' काही तिच्या जिभेवर येईना. उंबऱ्यात उभं राहून, चांगल्या हसत्या-खेळत्या बाईच्या तोंडावर 'जाते' म्हणायचं? कुणी ऐकलं तर काय म्हणेल! तिने मनातल्या मनात शोधलं. येते म्हणजे 'लाय'. मग ती म्हणाली, "वो लाय." लानने जरा नवलाने पाहिलं, कारण बाई म्हणतेय येते आणि उतरतेय जिना. पण तासाभराने मृणालिनी खरंच चकल्यांची वाटी घेऊन वर आली. नंतरही कधी विसरलेली चाळणी आणायला, कधी एखादा शब्द विचारायला ती दिवसातून दोनदा चढायचीच. त्यामुळे 'लाय' नेहमी खरं ठरत गेलं आणि चूक दोघींपैकी एकीच्याही लक्षात आली नाही.

मग आलं चिनी नवं वर्ष. त्या साली ते ऐन रमझानात आलं होतं. दिवसा गाव अगदी चिडीचूप, हॉटेलांवर पडदे. वर्ष बदलायच्या आदल्या दिवशी चिनी माणूस कुठेही असला तरी घरच्यांबरोबर जेवायला बसतो, आणि नेमका त्याच दिवशी फान एका मासळीच्या जहाजावर अडकला. कंप्रेसर बंद, सगळा माल सडायच्या बेतात. लान एकटी. दुपारी मृणालिनी वर गेली तर टेबलावर पिठाच्या लाट्या मांडलेल्या. लान कोबी आणि मांसाचं सारण भरून त्याच्या करंज्या करत होती. मृणालिनीने आपल्या वाटच्या करंज्यांमध्ये नुसता कोबी भरला आणि मोदकाच्या हाताने अशा नाजूक कळ्या पाडल्या की लान बघतच राहिली. दोघींनी मिळून ताट भरलं. चार वाजत आले तेव्हा मृणालिनी उठली, कारण संध्याकाळी फुजैराला सूर्यकांतच्या मित्राच्या मुलाचा वाढदिवस होता. हात धुतले, नेहमीसारखी दारात वळली.

"वो लाय," ती म्हणाली आणि गेली.

वाढदिवस छान झाला. परत यायला उशीर झाला, मुग्धा गाडीतच झोपली. दुसऱ्या दिवशी मृणालिनी दहा वाजता वर गेली, "आले गं" म्हणाली, दार ढकललं. दाराला आतून कडी होती. तिने वाजवलं. आत पावलांचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. तिला वाटलं, फान आला असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. जिन्यात समोरासमोर गाठ पडली तर लान भिंतीकडे तोंड करून उतरून गेली. काय बिनसलं काही कळेना. मांसाच्या करंजीला हात लावला नाही याचा राग आला असेल का? आपण भलत्या सुरात भलतंच काही बोललो का? मृणालिनीने सगळे शब्द आठवून पाहिले. घरात सारखी चिडचिड व्हायला लागली. सूर्यकांत म्हणाला, सोड ना, दुसरी मैत्रीण शोध. जशा काही खोर फक्कानमध्ये मैत्रिणी झाडाला लागल्या होत्या. तिचं जेवणावरचं मन उडालं. कुकरच्या शिट्ट्या पुन्हा कानावर आदळायला लागल्या, तेव्हा ती मनातून घाबरलीच.

शेवटी गच्चीने तारलं. लान वाळलेले मुळे काढायला आली होती आणि मृणालिनी दारात उभी राहिली, बाजूला होईना. लान थांबली. एक मुळा हातात धरून ती अगदी सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून बोलली.

"नी श्वो नी लाय. नी मेय लाय."

तू म्हणालीस येते. तू आली नाहीस.

त्या संध्याकाळचं सगळं चित्र मृणालिनीसमोर उभं राहिलं. लानने दोन वाट्या मांडल्या असतील. पाणी उकळत ठेवलं असेल. जिन्यात पाऊल वाजलं की उठली असेल. वर्षातला एक दिवस, ज्या दिवशी एकटं जेवायचं नसतं, आणि ती एका मराठी बाईच्या शब्दावर विसंबून थांबली होती. करंज्या पार गार झाल्या, पण तिने एकटीने खाल्ल्या नाहीत. हे सगळं नंतर कळलं.

आता समजवायचं कसं? आमच्याकडे जाताना 'जाते' म्हणत नाहीत, एवढं तिने तोडक्यामोडक्या शब्दांत जमवलं. का नाही म्हणत, लानने विचारलं. मेला हा शब्द मृणालिनीला चिनीत येत नव्हता. तो शिकायची वेळच आली नव्हती. मग भर उन्हात तिने डोळे मिटले, छातीवर हात जोडले, मान कलती केली, आणि एक डोळा उघडून आभाळाकडे बोट दाखवलं. "चोऊ ल," ती म्हणाली.

लान हातातला मुळा खाली ठेवून म्हणाली, "पापा चोऊ ल." माझे बाबा गेले. त्यांच्याकडेही माणूस मेला की तो 'गेला'च असतो. फक्त त्यांनी त्या शब्दाची भीती धरली नाही, उंबऱ्यावरही तोच ठेवला. दोघी गच्चीच्या कठड्याला टेकून बसल्या. लान रडली, थोडी बाबांसाठी, थोडी त्या गार करंज्यांसाठी. मृणालिनीही रडली, कारण तिलाही रडायचंच होतं. मग त्यांनी तिथेच बसून मुळा खाल्ला.

त्या दिवसापासून लानने एक खेळ लावला. मृणालिनी दारात "वो लाय" म्हणाली की ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "इन्तू लाय? चुंग-क्वो लाय?" भारतातलं येते की चीनमधलं येते? नुसतं पद्धतीचं असेल तर मृणालिनीने म्हणायचं इन्तू, आणि खरंच परत येणार असेल तर चुंग-क्वो. चुंग-क्वो म्हटलं की लान थर्मासचं झाकण लावायची नाही. सूर्यकांतला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, करारात असाच क्लॉज पाहिजे. पण हळूहळू त्यालाही सवय लागली. बंदरावरून फोन करून तो म्हणायचा, येतो अर्ध्या तासात, चायनीज येतो, पानं घ्या.

दीड वर्षाने लानची आई पडली. मुलाला बघायला कुणी नाही. फान मागाहून सगळं आवरून जाणार, लानने आधी निघायचं, असं ठरलं. जायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी, अलीमियाँ बॅग घेऊन पुढे उतरला. मृणालिनीने पापड्यांचं एक पुडकं दिलं होतं, ते लानने छातीशी धरलेलं. शेवटच्या पायरीवर लान थांबली, वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "येते हं, मीनाली."

तो 'ये' इतका नितळ होता की मृणालिनीतली मास्तरीण क्षणभर सगळं विसरून सुखावली. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "मान चोऊ." सावकाश जा. टॅक्सी कोपऱ्यावर वळली. मृणालिनी वर आली, दोन कप धुवायला घेतले, आणि नळाखाली हात असतानाच ते तिच्या लक्षात आलं. कुठलं येते, हे विचारायचंच राहिलं.

पुढे काही कळलं नाही. लानने दिलेला नंबर तिच्या आईच्या शेजारच्या दुकानातला होता. मिनिटाला सात दिरहम, म्हणजे जवळजवळ ऐंशी रुपये मोजून मृणालिनीने दोनदा फोन लावला. पलीकडून एक माणूस कुठल्याशा गावठी चिनीत इतका ओरडला की तिला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. फान गेला तो कुणाला न सांगता. पत्र लिहावं तर लानला इंग्रजी येत नव्हतं आणि मृणालिनीला चिनी लिहिता येत नव्हतं. त्यांची सगळी भाषा तोंडातली. वर एक इजिप्शियन कुटुंब आलं. मृणालिनी कधीमधी गच्चीवर जाऊन एकटीच चार 'मा' म्हणून बघायची, विसरायला नको म्हणून. चीनमध्ये ती श्वासाची साथ आली त्या वर्षी तर ती सकाळ-संध्याकाळ टीव्हीपुढे बसून असायची. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका दिसल्या की पुढे सरकून बघायची. मुग्धा म्हणायची, "आई, देअर आर अ बिलियन ऑफ देम." माहीत आहे, मृणालिनी म्हणायची, आणि तरी बघायची.

आणि आता जागा सोडायची होती. बायकोचं ऐकून नोकरी सोडता येत नाही, हे मृणालिनीलाही कळत होतं. खोके भरले गेले. निघायच्या सकाळी तिने दुबईचा नंबर अलीमियाँच्या खोलीच्या भिंतीवर, त्याच्या कॅलेंडरशेजारी, स्वतःच्या हाताने ठळक लिहिला. चिनी मॅडम आली तर लगेच फोन कर, तिने बजावलं. अलीमियाँने छातीवर हात ठेवला. "इन्शाल्ला, भाभी." ते ऐकून तिला वाटलं, हेही एक 'येते'च आहे. खरं धरायचं की नाही, आपल्यावर.

दुबईत सगळं होतं. मराठी माणसं होती, गणपती होता, चितळ्यांची बाकरवडीसुद्धा मिळायची. बोलायला माणसं मिळाली, भरपूर मिळाली, आणि मृणालिनीच्या लक्षात आलं की आपल्याला नुसतं बोलायचं नव्हतं, लानशी बोलायचं होतं. पुढच्या थंडीत वाळवंटात एक लांबच लांब चिनी बाजार उघडला. सूर्यकांत तिला आपण होऊन घेऊन गेला. दिव्यांच्या एका गाळ्यावर तिने धीर करून चिनीत भाव विचारला. गाळ्यावरची पोरगी आधी चकित झाली आणि मग तोंडावर हात ठेवून हसली. तुम्ही अगदी माझ्या आजीसारखं बोलता, ती म्हणाली, किनाऱ्याकडच्या गावांतली म्हातारी माणसं बोलतात तसं. शू लान नावाची कुणी ठाऊक आहे का? पोरीने खांदे उडवले. आमच्या एका वर्गात तीन होत्या. सूर्यकांतने परतताना गाडीत एकही विनोद केला नाही. एवढ्या वर्षांत प्रथमच.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका शुक्रवारी, जेवणं आटोपली होती आणि सूर्यकांत पेपर तोंडावर घेऊन पडला होता, तेव्हा फोन वाजला. अलीमियाँ होता. त्याला नेहमी फोनवर ओरडावं लागतं असं वाटायचं, त्यामुळे पेपराखालच्या सूर्यकांतलाही सगळं ऐकू आलं.

"भाभी, वो चीनी मॅडम आई है. दुबई से बस पकड़ के आई. उधर बाजार में उस के आदमी ने दुकान लिया. मैं बोला, मीनाली मॅडम गया, खलास, तो वो सीढ़ी पे बैठ के रोने लगी. मैं बोला, अरे मरा नहीं, दुबई गया."

म्हणजे लान दुबईतच होती. त्याच बाजारात. आणि तिथे चौकशी करत न बसता ती दोन तास मिनीबसने डोंगर ओलांडून त्याच इमारतीत, त्याच जिन्याशी गेली होती, कारण 'येते' तिने तिथे म्हटलं होतं. मृणालिनीने फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"आलेगं," लान म्हणाली.

मृणालिनी खुर्चीत बसली. पुन्हा उठली. सूर्यकांत पेपर टाकून उठला होता, आणि काही न विचारता गाडीच्या किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला होता.

"लान-च्ये," तिला एवढंच आधी जमलं. मग म्हणाली, "थांब तिथेच. वो लाय."

पलीकडून लानचा आवाज आला, रडून घोगरा झालेला, पण तोच कमरेवर हात ठेवलेला.

"इन्तू लाय? चुंग-क्वो लाय?"

"चुंग-क्वो," मृणालिनी म्हणाली, आणि फोन तसाच टेबलावर टाकून चपला शोधायला लागली.